हाताच्या मापाची कळ

व्हिडिओ गेमचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा होते ती पडद्याची. मुलांचे डोळे, वाया जाणारा वेळ, बुडणारा अभ्यास. खेळणारा आणि पडदा यांच्यामध्ये जी एक वस्तू असते, तिच्याकडे मात्र सहसा कुणाचे लक्ष जात नाही. ही वस्तू म्हणजे कंट्रोलर. नव्वदच्या दशकात घरच्या टीव्हीला खेळ जोडणाऱ्या मराठी मुलांनी तिला सरसकट 'रिमोट' म्हटले आणि खेळाच्या काडतुसाला 'कॅसेट'. नाव काहीही असो, या वस्तूत एक गृहीतक दडलेले असते. खेळणाऱ्याला दोन हात आहेत, दहाही बोटे वळतात, दोन्ही अंगठे स्वतंत्रपणे हलतात आणि अर्धा-पाऊण तास वजन पेलण्याइतकी मनगटात ताकद आहे, असे ते गृहीतक. ज्याच्या बाबतीत ते खरे नाही, तो खेळ सुरू होण्याआधीच बाद होतो.

या गृहीतकाला पहिला धक्का मोठ्या कंपन्यांनी दिला नाही. तो दिला घरच्या टेबलावर सोल्डरिंग आयर्न तापवून बसणाऱ्या हौशी मंडळींनी. कंट्रोलर आतून किती साधा असतो हे त्यांनी उघडून पाहिले होते. हा साधेपणा समजून घेतला, की स्वतःचा कंट्रोलर बनवण्याचा छंद हा निव्वळ पोरखेळ का नाही, हेही ध्यानात येते.

आरंभच घरगुती

कंट्रोलरचा इतिहास कारखान्यात सुरू होत नाही. १९५८ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाने अभ्यागतांच्या करमणुकीसाठी ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिसचा एक खेळ मांडला. खेळाडूंच्या हाती होती एकेक डबी. तिच्यावर चेंडूचा कोन ठरवणारी एक फिरती घुंडी आणि चेंडू टोलवण्यासाठी एक कळ.

पुढचा टप्पा अधिक बोलका आहे. १९६२ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अर्थात एमआयटीमध्ये स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या मित्रांनी पीडीपी-१ या संगणकावर 'स्पेसवॉर' हा अंतराळयुद्धाचा खेळ रचला. प्रारंभी तो संगणकाच्या दर्शनी भागावरील खटक्यांनीच खेळला जाई. हे खटके बसवले होते संगणकाच्या तपासणीसाठी. त्यामुळे थोडा वेळ खेळले की कोपरे भरून येत. शिवाय पडदा एका बाजूला असल्याने एका खेळाडूला आयताच फायदा मिळे. त्यावर ॲलन कोटोक आणि बॉब सॉन्डर्स यांनी एमआयटीच्या हौशी रेल्वे-प्रतिकृती मंडळाच्या खोलीतून लाकडाचे तुकडे, बेकेलाइट, तारा आणि जुने खटके गोळा केले व त्यांतून स्वतंत्र डब्या बनवल्या. गोळा डागण्याची कळ त्यांनी मुद्दाम आवाज न करणारी ठेवली, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला चाहूल लागू नये. शरीराला जाचणारे यंत्र शरीराच्या सोयीने बदलून घ्यायचे, हा या छंदाचा मूळ विचार तेव्हापासूनचा आहे.

पाच कळा, सहा तारा

१९७७ साली आलेल्या अटारीच्या घरगुती यंत्राबरोबर जी दांडी, म्हणजे जॉयस्टिक, मिळे ती म्हणजे साधेपणाचा कळस होता. वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे अशा चार दिशांच्या चार कळा आणि गोळीची एक. प्रत्येक कळेची एक तार व सर्वांची मिळून एक सामाईक तार, अशा एकूण सहा तारा. त्या नऊ पिनांच्या जोडणीत येऊन मिळत. यंत्र प्रत्येक तारेवर थोडा विद्युतदाब राखून असे. कळ दाबली की ती तार सामाईक तारेला टेके, दाब शून्यावर येई आणि यंत्राला 'डावीकडे' किंवा 'गोळी' एवढा निरोप पोहोचे. आत चिप नाही, संकेताक्षर नाही. दोन तारा एकमेकींना टेकल्या की नाही, एवढाच प्रश्न.

पुढे कमोडोर ६४ आणि अमिगा यांसारख्या संगणकांनीही हीच जोडणी स्वीकारली. परिणामी पाच खटके व सहा तारा जमवू शकणारा कुणीही स्वतःची जॉयस्टिक बनवू शकत होता. ती दारावरच्या घंटेच्या बटणांची असो, पायाने दाबायच्या पट्ट्यांची असो किंवा लाकडी पेटीवर बसवलेल्या मोठ्या कळांची. यंत्राला त्यातील फरक कळत नसे.

१९८३ साली जपानमध्ये आलेल्या निन्टेंडोच्या फॅमिकॉमने त्यात एक पायरी वाढवली. आठ कळांसाठी आठ तारा ओढण्याऐवजी कंट्रोलरमध्ये ४०२१ या क्रमांकाची चिप आली. यंत्र एका तारेवरून इशारा देते, तेव्हा ही चिप आठही कळांची त्या क्षणीची स्थिती टिपून ठेवते. मग दुसऱ्या तारेवरच्या प्रत्येक ठोक्यासरशी ती एकेका कळेची खबर तिसऱ्या तारेवरून सांगत जाते. शाळेत हजेरी घ्यावी तसा हा प्रकार, आणि तोही सेकंदाला सुमारे साठ वेळा. ही चिप गुप्त नव्हती. इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही बाजारात मिळणारी होती.

भारतीय घरांत नव्वदच्या दशकात पोहोचले ते बहुतांशी या फॅमिकॉमच्या नकला केलेले संच. त्यांचा 'रिमोट' बिघडला की तो उघडला जाई आणि आत दिसे एक हिरवी पट्टी, काळ्या थेंबाखाली दडलेली चिप आणि रबराचा एक तुकडा. रबराच्या फुगवट्याखाली कार्बनचा थर असतो. कळ दाबली की तो पट्टीवरच्या दोन रेषांना जोडतो. तो झिजला की कळ 'बसते'. कंट्रोलरचे मर्म अनेकांना पहिल्यांदा उमगले ते या दुरुस्तीत.

आजचा कंट्रोलर कसा बनतो?

आज खेळाचा संगणक आणि कंट्रोलर यांच्यात यूएसबी आहे. त्यामुळे काम अवघड झाले असेल असे वाटते, प्रत्यक्षात ते सोपे झाले आहे. यूएसबीमध्ये कीबोर्ड, माऊस, गेमपॅड अशा माणसाच्या हातच्या साधनांसाठी एक सामाईक भाषा ठरलेली आहे. साधन जोडले की ते प्रथम आपली ओळख सांगते. मी गेमपॅड आहे, मला इतक्या कळा आहेत, इतक्या दांड्या आहेत. त्यानंतर ठराविक अंतराने संगणक विचारतो आणि साधन कळांची स्थिती सांगते. प्रत्येक कळेसाठी एक किंवा शून्य.

ही ओळख सांगण्याचे काम नखाएवढी चिप करू शकते. २००५ साली इटलीतील इव्हरिया येथे विद्यार्थ्यांसाठी म्हणून सुरू झालेल्या आर्डुइनो प्रकल्पाने अशा चिपांना सामान्यांच्या आवाक्यात आणले. २०१२ सालच्या 'आर्डुइनो लिओनार्डो' या पट्टीला संगणकापुढे थेट कीबोर्ड किंवा गेमपॅड म्हणून उभे राहता येते. २०२१ च्या जानेवारीत अवघ्या ४ डॉलरला बाजारात आलेल्या 'रास्पबेरी पाय पिको'ने हा खर्च आणखी खाली आणला. तिच्यासाठी हौशी मंडळींनी लिहून सर्वांना खुली केलेली, कंट्रोलरची तयार आज्ञावलीही उपलब्ध आहे. पट्टीच्या एका पिनेपासून खटक्यापर्यंत एक तार, खटक्यापासून सामाईक पिनेपर्यंत दुसरी. अशा जितक्या जोड्या, तितक्या कळा. मूळ तत्त्व १९७७ चेच आहे.

अर्थात काही बारकावे आहेत. धातूची दोन टोके एकमेकांवर आदळतात तेव्हा ती लगेच स्थिर होत नाहीत. काही सहस्रांश सेकंद ती थरथरतात आणि एकदा दाबलेली कळ चिपला चार-पाच वेळा दाबल्यासारखी भासते. म्हणून पहिल्या स्पर्शानंतर थोडा वेळ बदल दुर्लक्षित करण्याची सूचना चिपला द्यावी लागते. हा वेळ फार लांबवला तर कळ मंद वाटू लागते. पडद्यावरचे चित्र सेकंदाला साठ वेळा बदलते असे धरले, तर एका चित्राला साधारण १६.७ सहस्रांश सेकंद मिळतात. चांगल्या कंट्रोलरची कसोटी या इवल्याशा अवकाशात लागते.

दुसरा बारकावा दांडीचा. आजच्या कंट्रोलरवर अंगठ्याने फिरवायच्या ज्या दोन लहान दांड्या असतात, त्या केवळ दिशाच नव्हे तर प्रमाणही सांगतात. त्यांच्या तळाशी बहुधा पोटेन्शिओमीटर असतो, म्हणजे जुन्या रेडिओच्या आवाजाच्या घुंडीचाच धाकटा भाऊ. कार्बनच्या पट्टीवरून एक धातूची जीभ सरकते आणि तिच्या जागेनुसार विद्युतदाब बदलतो. लिओनार्डोसारखी पट्टी हा दाब ० ते १०२३ या आकड्यांत वाचते. दांडी मध्यावर असली की आकडा ५१२ च्या आसपास असतो. घासून घासून कार्बनचा थर झिजला की मध्याचा आकडा ढळतो आणि हात न लावताही पडद्यावरचे पात्र आपोआप चालू लागते. २०१७ साली आलेल्या निन्टेंडो स्विचच्या कंट्रोलरमधील या दोषावरून २०१९ साली अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा दाखल केला होता.

यावर उपाय जुनाच आहे. दांडीखाली लोहचुंबक बसवून त्याचे क्षेत्र संवेदकाने मोजायचे. घर्षण नाही, त्यामुळे झीजही नाही. १८७९ साली एडविन हॉल यांनी शोधलेल्या परिणामावर हे तंत्र आधारलेले आहे. सेगा कंपनीने १९९८ च्या ड्रीमकास्ट यंत्राच्या कंट्रोलरमध्ये ते वापरलेही होते. आज अनेक हौशी मंडळी झिजलेली दांडी काढून चुंबकीय दांडी स्वतः बसवतात. नवा कंट्रोलर घेण्याचा खर्च वाचतो आणि कचऱ्यात एक वस्तू कमी जाते.

ज्यांचे हात वेगळे आहेत

इथवर हा विषय छंदाचा आणि फार तर काटकसरीचा वाटेल. त्याचे खरे मोल कळते ते वेगळ्याच ठिकाणी.

अपघातात हात गमावलेला तरुण, स्नायूंच्या ऱ्हासाने बोटांतील ताकद जात चाललेला मुलगा, सेरेब्रल पाल्सी असलेली मुलगी, मानेखालचे शरीर निश्चल झालेला रुग्ण. यांच्यापैकी अनेकांना मैदानी खेळ बंद झालेला असतो. पडद्यावरचा खेळ ही मित्रांच्या बरोबरीने उतरण्याची उरलेली एक जागा असते आणि तेथेही दारात कंट्रोलर आडवा येतो. वास्तविक त्यांच्यापाशी हालचाल असते. एखाद्याची हनुवटी हलते, एखाद्याचा गुडघा, एखाद्याचा श्वास. ती हालचाल जिथे आहे तिथे कळ नेणे, एवढेच काय ते काम.

कंपन्यांना हे पूर्वी सुचले नव्हते असे नाही. निन्टेंडोने १९८९ मध्येच हातांविना चालणारा एक कंट्रोलर काढला होता. तो छातीवर बांधायचा, दांडी हनुवटीने वळवायची आणि नळीत फुंकून वा नळीतून श्वास ओढून दोन मुख्य कळा चालवायच्या. परंतु तो दुकानांत नव्हे, कंपनीच्या ग्राहकसेवेमार्फत मागवावा लागे. त्यानंतरच्या बऱ्याच काळात हे काम मुख्यतः स्वयंसेवी संस्था आणि एकांड्या कारागिरांनी केले. अमेरिकेत २००४ साली 'एबलगेमर्स' आणि ब्रिटनमध्ये २००७ साली 'स्पेशल इफेक्ट' या संस्था याच हेतूने उभ्या राहिल्या.

'वॉरफायटर एंगेज्ड' ही अशीच एक अमेरिकन संस्था. केन जोन्स या यांत्रिकी अभियंत्याने स्थापलेली ही संस्था जखमी सैनिकांसाठी एकेक कंट्रोलर हाताने घडवत असे. २०१४ साली त्यांपैकी एकाचे छायाचित्र मायक्रोसॉफ्टमधील मॅट हाइट या अभियंत्याच्या पाहण्यात आले. त्यातून २०१५ च्या कंपनीअंतर्गत उपक्रमात एक नमुना तयार झाला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये 'एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर' बाजारात आला. किंमत सुमारे १०० डॉलर. त्याच्या पृष्ठभागावर तळहाताने दाबता येतील अशा दोन मोठ्या गोल कळा आहेत. पण त्याचे खरे वैशिष्ट्य मागच्या बाजूला आहे. तेथे ३.५ मिलिमीटरची, म्हणजे हेडफोनच्या मापाची, तब्बल १९ छिद्रे एका रांगेत आहेत. प्रत्येक छिद्र म्हणजे कंट्रोलरची एकेक कळ. ज्याला जे हलवता येते त्याचा खटका त्या छिद्रात खोचायचा. खोक्यालाही ओढण्याजोगे फास ठेवले आहेत, म्हणजे ते उघडण्यासाठी दातांची मदत घ्यावी लागू नये. डिसेंबर २०२३ मध्ये सोनीनेही प्लेस्टेशन ५ साठी स्वतःचा 'ॲक्सेस' कंट्रोलर आणला.

३.५ मिलिमीटरचे माप कंपनीने नव्याने शोधले नव्हते. अपंगांच्या साहाय्यक साधनांत ते आधीपासून रूढ होते. त्यात गुंतागुंत काहीच नाही. पिनेच्या टोकाला एक तार, बुंध्याला दुसरी आणि मध्ये खटका. तरीही तयार साहाय्यक खटक्यांच्या किमती परदेशात एका नगाला अनेकदा ५० डॉलरच्या पुढे जातात. म्हणूनच हौशी कारागिरांची गरज संपत नाही. कॅनडातील नील स्क्वायर सोसायटीने तोंडाने चालणाऱ्या 'लिपसिंक' या दांडीचे आराखडे सर्वांसाठी खुले केले आणि 'मेकर्स मेकिंग चेंज' या उपक्रमातून ती बनवणारे स्वयंसेवक व ती हवी असणारे लोक यांची गाठ घालून दिली.

कुलपाचा प्रश्न

मात्र या कहाणीला एक दुसरी बाजू आहे. खेळाची यंत्रे बनवणाऱ्या कंपन्या कंट्रोलरला कुलूप घालू लागल्या आहेत. जोडलेल्या साधनाने केवळ 'मी गेमपॅड आहे' असे सांगून भागत नाही. आपण अधिकृत असल्याचा सांकेतिक पुरावाही द्यावा लागतो. २०२३ च्या नोव्हेंबरपासून मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्सवर अनधिकृत साधने चालेनाशी केली. असे साधन जोडल्यास सूचना दिसे आणि काही दिवसांनी ते बंद पडे. ज्यांनी अडॅप्टरांच्या आधारे आपली जोडणी महत्प्रयासाने बसवली होती, अशा अपंग खेळाडूंना याची झळ बसण्याची भीती तेव्हा व्यक्त झाली. ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर काढणारी कंपनी हीच, हा यातील विरोधाभास.

कंपन्यांचे म्हणणे सर्वस्वी निराधार नाही. काही साधने नेम आपोआप धरून देतात, बंदुकीचा झटका सावरतात आणि समोरच्या खेळाडूवर अन्याय होतो. घरगुती कंट्रोलरचेही असे प्रश्न असतात. दांडी एकाच वेळी डावीकडे व उजवीकडे वळत नाही. दिशांसाठी सुट्या कळा असतील तर मात्र दोन्ही एकदम दाबता येतात आणि मारामारीच्या खेळांत त्याचा लाभ उठवता येतो. यावर 'स्ट्रीट फायटर'च्या अधिकृत स्पर्धांनी काढलेला मार्ग उद्बोधक आहे. त्यांनी घरगुती कंट्रोलर सरसकट बाद केले नाहीत. दोन विरुद्ध दिशा एकदम दाबल्यास पात्र जागीच राहिले पाहिजे, असा नियम केला. साधनाने काय करू नये हे ठरवणे वेगळे आणि साधन कुणी बनवावे हे ठरवणे वेगळे. पहिल्याने खेळातील न्याय राखला जातो. दुसऱ्याने खेळणाऱ्यांची संख्या घटते.

आपल्याकडे काय शक्य आहे?

भारतात २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य करतो. त्याचे कलम २९ संस्कृती व मनोरंजन यांत इतरांच्या बरोबरीने सहभागी होण्याच्या हक्काविषयी आहे. म्हणजे करमणूक ही दयेने द्यायची गोष्ट नाही, ती कायद्याने मान्य केलेली गोष्ट आहे. पण परदेशी ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर आणि त्यावरचे खटके यांचा एकत्रित खर्च सामान्य मराठी कुटुंबाला झेपणारा नाही, हेही तितकेच खरे.

कसब आणि साहित्य मात्र आपल्या शहरांत आहे. मुंबईतील लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातील तपकीर गल्ली येथे सूक्ष्म खटके, ३.५ मिलिमीटरच्या पिना, तारा आणि आर्डुइनोच्या जातीच्या पट्ट्या काहीशे रुपयांत मिळतात. बरणीचे रुंद झाकण, त्याखाली एक खटका, दोन तारांना नीट दिलेला डाख आणि टोकाला एक पिन, एवढ्यावर तळहाताने किंवा कोपराने दाबायची कळ तयार होते. केंद्र सरकारच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून देशभरातील १० हजारांहून अधिक शाळांत 'अटल टिंकरिंग लॅब' उभ्या केल्या आहेत. सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या या प्रयोगशाळांत अशाच पट्ट्या, संवेदक आणि त्रिमितीय मुद्रणयंत्रे असतात. प्रदर्शनासाठी दिवे लुकलुकवण्यापेक्षा शेजारच्या विशेष शाळेतील एका मुलासाठी एक कळ बनवून देणे, हा त्यांच्या दृष्टीने अधिक सकस प्रकल्प ठरेल.

मात्र काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. नवशिक्यांनी यूएसबीच्या ५ व्होल्टवरच काम करावे. घरच्या २३० व्होल्टच्या विजेशी आणि फुगलेल्या लिथियम बॅटरीशी खेळ करू नये. सोल्डरिंग आयर्नचे टोक ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापते, त्यामुळे लहान मुलांजवळ मोठ्या माणसाने बसावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कळ कुठे बसवायची हे कारागिराने मनाने ठरवू नये. कोणती हालचाल न थकता, न दुखता वारंवार करता येते, हे ती वापरणाऱ्या व्यक्तीला आणि तिच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टला विचारावे. चुकीच्या जागी बसवलेली कळ दुखणे वाढवू शकते.

कपडे शिवणारा शिंपी अंगाचे माप घेतो. अंगाने कपड्याच्या मापाचे व्हावे अशी त्याची अपेक्षा नसते. यंत्रांच्या बाबतीत मात्र आपण ही उलटी अपेक्षा मुकाट्याने स्वीकारली. रेल्वे मंडळाच्या खोलीतून लाकूड आणि खटके गोळा करणाऱ्या एमआयटीच्या त्या दोघांनी ती १९६२ सालीच नाकारली होती. त्यांचा प्रश्न दुखणाऱ्या कोपरांचा होता. ज्यांचे कोपर, मनगट किंवा बोटे खेळाच्या आड येतात, त्यांच्यासाठी उत्तर आजही तेच आहे. दोन तारा, एक खटका आणि माप घेण्याची तयारी असलेला कुणीतरी माणूस.